टेल्स घाबरट कधी झाला?

2017 साली आलेल्या 'सॉनिक फोर्सेस' या गेममध्ये एक छोटासा प्रसंग आहे. पडझड झालेल्या शहरात टेल्स नावाचा दोन शेपट्यांचा कोल्हा एका बंद पडलेल्या रोबॉटशी खटपट करतोय. तेवढ्यात समोर पाण्याच्या अंगाचा एक राक्षस उभा राहतो. केऑस त्याचं नाव. टेल्स अंग चोरून खाली बसतो, डोक्यावर हात घेतो आणि सॉनिकच्या नावानं धावा करतो. सॉनिक बिचारा शत्रूच्या कैदेत. मग कुठूनसा जुन्या काळातला, ठेंगणा सॉनिक टपकतो आणि राक्षसाचा निकाल लावतो. संपला प्रसंग.

एवढ्याशा प्रसंगावरून सॉनिकचे चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. ज्यानं हे गेम कधी हातात घेतले नाहीत त्याला यात भांडण्यासारखं काय आहे तेच कळणार नाही. अधिकृत माहितीनुसार टेल्स आठ वर्षांचा आहे. आठ वर्षांचं पोर राक्षसाला घाबरलं, तर घाबरलं. कोणाचं काय बिघडलं?

बिघडलं असं, की याच राक्षसाला टेल्सनं 1998 सालच्या गेममध्ये लोळवलं होतं. आणि टेल्सनं म्हणजे कोणी, तर मी. बटणं माझ्या बोटांखाली होती. चाहत्यांच्या रागाची मेख इथेच आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

सॉनिक हा सेगा कंपनीचा निळा, सुसाट पळणारा हेजहॉग. त्याचा पहिला गेम 1991 सालचा. पुढच्याच वर्षी दुसरा गेम आला आणि त्यात टेल्स आला. खरं नाव माइल्स प्रॉवर. भरभर म्हणून बघा, 'माइल्स पर अवर' ऐकू येईल. गेममध्ये तो सॉनिकच्या मागे मागे धावत असतो, पण दुसरा कंट्रोलर जोडला की टेल्सला दुसरा माणूस चालवू शकतो. हा दुसरा माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरातलं धाकटं भावंड. मी धाकटा. त्यामुळे माझ्या वाट्याला कायम दुसरा कंट्रोलर आणि टेल्स.

त्या टेल्सची गंमत अशी होती, की तो मरायचा पण संपायचा नाही. खड्ड्यात पडा, काट्यांवर पडा, पडद्याच्या बाहेर मागे राहा, थोड्या वेळानं शेपट्या गरगर फिरवत तो वरून परत हजर. सॉनिकची एक चूक झाली की जीव गेला, टेल्सच्या शंभर चुका माफ. बोनस लेव्हलमध्ये मात्र दोघांच्या रिंगा एकाच हिशेबात मोजल्या जायच्या, आणि सॉनिक बाँब चुकवून पुढे गेला की मागचा टेल्स नेमका त्याच बाँबवर आपटायचा. त्यावरून मी किती बोलणी खाल्ली असतील! पण बघा, या गेममध्ये टेल्सच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. तरी तो कसा आहे हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं: उत्साही, धांदरट, पाठ न सोडणारा, पुन्हा पुन्हा उठणारा.

गेममधलं पात्र असं दोन जागी घडतं. एक जागा म्हणजे कटसीन. खेळणं थांबतं, आपला कंट्रोलर मुका होतो आणि गोष्टीचा तुकडा सिनेमासारखा आपोआप चालतो. तिथे पात्र काय बोलतं, कसं वागतं हे लेखक ठरवतो. दुसरी जागा म्हणजे आपली बोटं. पात्र किती उंच उडी मारतं, कशाला टक्कर देऊ शकतं, पडल्यावर काय होतं, हे सगळं हाताला कळतं आणि त्यातून स्वभाव तयार होतो. कादंबरीला ही दुसरी जागा नसते, सिनेमालाही नसते. म्हणून गेमच्या चाहत्यांचं 'पात्र बदललं' हे रडगाणं इतरांना पोरकट वाटतं. 'माझा टेल्स असं करणार नाही' यातला 'माझा' हा शब्द त्यांना लाडाचा वाटतो, चाहत्यांच्या लेखी तो हिशेबाचा असतो.

1998 साली 'सॉनिक अ‍ॅडव्हेंचर' आला आणि दोन्ही जागांची छान गाठ पडली. यात सहा पात्रांच्या सहा वेगळ्या गोष्टी होत्या आणि प्रत्येक गोष्ट त्या त्या पात्राच्या रूपात खेळायची होती. टेल्सच्या गोष्टीत त्याचं विमान पाडलं जातं आणि तो सॉनिकपासून वेगळा पडतो. दर वेळी सॉनिकवर विसंबून चालणार नाही, हे तो मनाशी ठरवतो. शेवटी खलनायक एगमन शहरावर क्षेपणास्त्र सोडतो, ते फुटत नाही, म्हणून ते हातानं फोडायला स्वतःच धावत सुटतो. त्याच्याआधी तिथे पोहोचायचं असतं टेल्सनं, म्हणजे आपण. सॉनिक आसपासही नाही. शर्यत जिंकायची, मग एगमनच्या यंत्राशी एकट्यानं लढायचं. शहर वाचतं, लोक त्याचं कौतुक करतात. दुसऱ्या कंट्रोलरवर वाढलेल्या धाकट्यांना त्या दहा-पंधरा मिनिटांत काय वाटलं असेल, ते मोठ्यांना नाही समजायचं. केऑसच्या एका रूपाशी टेल्स झुंजतो तेही याच गेममध्ये.

मग मधल्या काळात झालं काय? लेखक बदलले, सूर बदलला, हे खरंच. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. 2006 नंतर टेल्स हातातून गेला. 2008, 2010, 2013, 2017 या सालांतले मोठे त्रिमितीय गेम घ्या. मुख्य गोष्टीत खेळायला सॉनिक, फार तर त्याचंच दुसरं रूप किंवा आपण बनवलेलं नवं पात्र. टेल्स कटसीनमध्ये उभा राहून माहिती सांगतो, यंत्रं दुरुस्त करतो, काळजी करतो. उडतोय, पडतोय, उठतोय असा टेल्स बोटांना भेटेनासाच झाला. उरले ते फक्त संवाद. आणि फक्त संवादांवर जगणाऱ्या पात्राला एक वाईट प्रसंगसुद्धा फार महागात पडतो, कारण खोडून काढायला दुसरा पुरावाच नसतो.

आता दुसरी बाजू. 'मूळ टेल्स', 'मूळ सॉनिक' असं चाहते म्हणतात तेव्हा मूळ कुठलं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अधिकृत मानल्या जाणाऱ्या गोष्टीला चाहत्यांच्या बोलीत 'कॅनन' म्हणतात. सॉनिकच्या बाबतीत हे कॅनन पहिल्या दिवसापासून दुभंगलेलं होतं. जपानमध्ये खलनायकाचं नाव सुरुवातीपासून एगमन. अमेरिकेत तोच डॉक्टर रोबॉटनिक. ब्रिटनच्या कॉमिक्समध्ये तर तो आधी किंटोबोर नावाचा सज्जन शास्त्रज्ञ होता (नाव उलटं वाचा). 1998 च्या गेमनं ही नावं एका माणसावर आणून जुळवली. त्याआधी, 1993 मध्ये, अमेरिकेत सॉनिकच्या दोन वेगवेगळ्या कार्टून मालिका एकाच वर्षी सुरू झाल्या. एकीत निव्वळ धमाल आणि रोबॉटनिक म्हणजे विदूषक; दुसरीत त्यानं जग जिंकून घेतलेलं, प्राण्यांची यंत्रं करून टाकलेली आणि सॉनिक भूमिगत बंडखोर. दोन्हींत सॉनिकला आवाज मात्र एकाच नटाचा, जलील व्हाइटचा. आता यातली पहिली मालिका बघून वाढलेला आणि दुसरी बघून वाढलेला, असे दोघे चाहते समोरासमोर बसवा आणि सॉनिक विनोदी आहे की गंभीर ते विचारा. दोघंही खरं बोलतील.

आवाजाचंही तेच. जपानी गेममध्ये 1998 पासून सॉनिकचा आवाज जुनइची कानेमारू यांचाच आहे. इंग्रजीत मात्र रायन ड्रमंड, मग जेसन ग्रिफिथ, मग 2010 पासून रॉजर क्रेग स्मिथ. एका देशातल्या चाहत्याला वाटतं पात्र सलग आहे. दुसऱ्या भाषेतल्या चाहत्याला दर काही वर्षांनी घरात नवा माणूस आल्यासारखं वाटतं. भांडणं इंग्रजीत जास्त पेटतात, त्यामागे हेही एक कारण असावं असा माझा आपला अंदाज.

स्वभाव बिघडण्याच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराला चाहत्यांनी नावच ठेवलंय, फ्लँडरायझेशन. एका अमेरिकी कार्टूनमधल्या फ्लँडर्स नावाच्या शेजाऱ्यावरून ते पडलं. तो आधी सरळमार्गी, देवभोळा माणूस होता. मालिका लांबत गेली तशी त्याची भक्तीच तेवढी उरली आणि माणूस गायब झाला. सॉनिकच्या जगात याचा बळी म्हणजे नकल्स.

नकल्स 1994 साली तिसऱ्या गेममध्ये आला. हवेत तरंगणाऱ्या बेटावर एकटाच राहणारा, तिथल्या मोठ्या पाचूची राखण करणारा. एगमन त्याच्याकडे सॉनिकच्या आधी पोहोचतो आणि सॉनिक चोर आहे अशी त्याची समजूत करून देतो. नकल्स फसतो, हे खरं. पण एकट्या राखणदारानं पहिल्या पाहुण्यावर विश्वास ठेवला, यात मूर्खपणा कुठे आला? त्यात त्याच वर्षी पुढच्या भागात आपण स्वतः नकल्स झालो. त्याची उडी सॉनिकपेक्षा ठेंगणी, पण तो तरंगत जातो, भिंती चढतो, सॉनिकला अडवणाऱ्या कित्येक भिंती नुसत्या चालता चालता फोडतो. खेळताना सारखं वाटत राहतं की हे बेट याच्या तळहातावर आहे. कमी बोलणारा, चिवट, आपल्या जागेचा जाणकार.

1998 च्या गेममध्ये एगमननं त्याला पुन्हा फसवलं. दोनदा फसला म्हटल्यावर 'फसणारा' हीच ओळख झाली. आणि 2014 साली 'सॉनिक बूम' या वेगळ्या शाखेत नकल्स म्हणजे दंडाच्या बेडक्या आणि डोक्यात काहीही नाही असा झाला. खरं सांगायचं तर त्यातले काही विनोद चांगलेच जमलेत, मीही हसलोय. ती शाखा वेगळी आहे हेही खरं. पण त्या काळात मुख्य मालिकेतल्या नकल्सवरही त्याचे शिंतोडे उडाले, अशी बऱ्याच चाहत्यांची तक्रार आहे, आणि ती मला पटते.

हे मुद्दाम कोणी करत नाही. तीस वर्षं चाललेल्या मालिकेत प्रत्येक गेम कोणाचा तरी पहिला असतो. नव्या मुलाला दोन मिनिटांत पात्र कळलं पाहिजे, म्हणून सगळ्यात ठळक खूण पुढे केली जाते. नवा लेखक मागचे सगळे गेम खेळत बसत नाही. त्याच्या हाती सारांश येतो. सारांशाचा सारांश, मग त्याचा सारांश. 'नकल्स: रागीट, चटकन फसतो.' बेट, एकटेपणा, भिंती हे सगळं गाळात जातं. एमीचंही तेच. 1993 मध्ये आली तेव्हा ती टॅरो पत्त्यांवरून भविष्य बघणारी, हौसेनं एकटीच लांबच्या प्रवासाला निघालेली मुलगी होती. पुढे बरीच वर्षं 'सॉनिकच्या मागे लागणारी' एवढंच तिच्या नावावर राहिलं.

सॉनिकसारख्याच दिसणाऱ्या काळ्या हेजहॉगची, शॅडोची गोष्ट आणखी वेगळी. 2001 च्या गेममध्ये तो आला आणि शेवटी जगासाठी जीव देऊन गेला. लोकांना इतका आवडला की 2003 मध्ये स्मृती गेलेल्या अवस्थेत परत आणला. 2005 मध्ये त्याचाच स्वतंत्र गेम, ज्यात आपण चांगल्याच्या बाजूनं लढायचं की वाइटाच्या, हे आपणच ठरवायचं. दहा वेगवेगळे शेवट. आणि ते दहाही पाहून झाल्यावर कळतं, की खरा शेवट अकरावाच आहे, ज्यात शॅडो भूतकाळाचा फोटो फेकून देतो आणि जुन्या स्वतःला निरोप देतो. म्हणजे हातानं दहा शॅडो घडवले आणि कटसीननं ते सगळे बाद केले! 2024 च्या गेममध्ये तर निरोप दिलेला भूतकाळच, त्याची कधीच गेलेली मैत्रीण मारिया, पुन्हा समोर आली. 2005 चा निरोप फुकट गेला असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो, गेलेल्या माणसाची आठवण एकदा निरोप देऊन संपते का? मी या वादात दुसऱ्या गटाकडे झुकतो.

हाताचं आणि कटसीनचं सगळ्यात जोराचं भांडण मात्र सॉनिकमध्ये झालेलं नाही. ते निन्टेन्डोच्या 'मेट्रॉइड'मध्ये झालं. 1986 पासून या मालिकेची नायिका सॅमस अरान एकटीच परग्रहांच्या भुयारांत उतरते. सुरुवातीच्या गेममध्ये ती जवळजवळ बोलतच नाही. शस्त्रं आणि चिलखताच्या नव्या शक्ती शोधून काढायच्या, त्या वापरून पुढे जायचं, कोणाला विचारायचं नाही. मग 2010 साली 'मेट्रॉइड: अदर एम' आला आणि सॅमस भरभरून बोलू लागली. तिचा जुना वरिष्ठ अ‍ॅडम भेटतो आणि ती ठरवते, की त्याची परवानगी मिळाल्याशिवाय आपली शस्त्रं वापरायची नाहीत.

कागदावर हे ठीक वाटेल. खेळताना काय होतं बघा. आपण लाव्हानं धगधगणाऱ्या भागात शिरतो. अंग भाजतंय, जिवाचा आकडा भराभर उतरतोय. उष्णता अडवणारी शक्ती सॅमसच्या चिलखतात आहे, हे तिला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे. तरी अ‍ॅडम 'वापर' म्हणेपर्यंत भाजत पळायचं. वीस-चोवीस वर्षं स्वतःच्या हिमतीवर चाललेली बाई अशी परवानगीसाठी ताटकळते, आणि ताटकळणारी बोटं आपली असतात. त्याच गेममध्ये रिडली हा तिचा जुना वैरी समोर येतो तेव्हा ती लहान मुलीसारखी गोठून जाते. या रिडलीला तर आपण आधीच्या गेममध्ये अनेकदा मारलंय.

इथेही भाषेचा घोळ आहेच. जपानमध्ये 2000 नंतरच्या वर्षांत निघालेल्या मांगा कॉमिकमध्ये सॅमसच्या आईबापांना रिडलीनं मारलं आणि त्या धक्क्यानं ती मोठेपणीही त्याच्यासमोर कोलमडते, हे आलेलं होतं. ते वाचलेल्याला गोठण्याचा प्रसंग ओळखीचा वाटतो. नुसते गेम खेळलेल्याला तो खोटा वाटतो. 2021 च्या 'मेट्रॉइड ड्रेड'मध्ये मग सॅमस पुन्हा जवळपास मुकी झाली. साखळदंडात अडकलेला क्रेड नावाचा प्रचंड राक्षस तिच्या तोंडावर डरकाळी फोडतो, आणि ती शांतपणे हाताची तोफ भरत उभी राहते. वाक्य एकही नाही. जुने चाहते खूश झाले ते या उभं राहण्यावर.

म्हणजे पात्र कधी बदलूच नये का? असं म्हणणारेही आहेत. आपण दहा वर्षांचे असताना भेटलेलं पात्र तसंच राहावं, कारण त्या निमित्तानं आपलं दहावं वर्षही तसंच राहतं. अशा हट्टावर बोलण्यासारखं फार काही नाही. पण बदल पचलाही आहे, आणि फार मोठा बदल. 'गॉड ऑफ वॉर'चा क्रेटॉस 2005 पासूनच्या गेममध्ये देवांचे गळे चिरत सुटलेला सूडानं पेटलेला माणूस होता. 2018 मध्ये तो दाढी वाढवलेला, तोलून मापून बोलणारा बाप होऊन आला. आवाज देणारा नटही नवा, त्यावर नाराजी झालीच. पण या गेमनं बदल हातात दिला. क्रेटॉसची ओळख असलेली साखळ्यांची पाती गायब, त्याऐवजी कुऱ्हाड. बराच वेळ आपण कुऱ्हाडीनंच लढतो. मग मुलगा आजारी पडतो, औषधासाठी जिथे जायचं तिथे कुऱ्हाड चालत नाही. क्रेटॉस घरी येतो, जमिनीच्या फळ्या उचकटतो आणि खाली दडवलेली ती पाती बाहेर काढतो. पुढच्याच लढाईत बटणं दाबली की जुन्या साखळ्या सपासप फिरतात. आपल्याला मजा येते, आणि मजा येतेय याची थोडी लाजही वाटते. क्रेटॉसची गत तीच असणार. तिथे वेगळा संवाद लिहायची गरजच पडत नाही.

चाहते अशा वादात सारखं म्हणतात, 'बदला, पण कारण द्या.' मला हे पुरेसं वाटत नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. 2003 च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये राजपुत्र स्वतःच आपली गोष्ट सांगत असतो. खेळताना आपण चुकून मेलो, तर तो म्हणतो, छे छे, असं नव्हतं झालं, आणि गेम मागे जातो. आपलं मरण म्हणजे त्याच्या बोलण्यातली चूक! पुढच्याच वर्षी 'वॉरियर विदिन' आला. राजपुत्र चिडका, रक्ताळलेला, पार्श्वभूमीला कर्कश रॉक संगीत. कारण दिलेलं होतं: काळाशी खेळ केला म्हणून एक राक्षस सात वर्षं त्याच्या मागावर आहे. कोणीही चिडेल. तरी कितीतरी लोकांना तो परका वाटला, कारण त्याच्या जिभेवर उभी असलेली ती गंमतच काढून टाकली होती. 2005 च्या तिसऱ्या भागात मग राजपुत्राच्या डोक्यात एक काळा राजपुत्र बसवला आणि मधूनमधून आपल्याला तो बनून खेळायला लावलं. चाहत्यांचं भांडण उचलून सरळ गेममध्येच घातलं म्हणा ना.

टेल्सकडे परत येतो. 2022 च्या 'सॉनिक फ्रंटियर्स'ची गोष्ट इयन फ्लिन यांनी लिहिली. हे गृहस्थ 2006 पासून सॉनिकची कॉमिक्स लिहीत आलेले, त्यामुळे चाहत्यांच्या सगळ्या तक्रारी त्यांना तोंडपाठ असणार. त्यांनी थेट टेल्सच्या तोंडीच कबुली घातली. कधी मी एकट्यानं शहर वाचवतो आणि कधी हातपाय गाळून बसतो, माझं काही खरं नाही, अशा अर्थाचं तो सॉनिकला सांगतो आणि स्वतःला शोधायला एकटं निघायचं ठरवतो. यावरही दोन तट पडले. कोणाला ही चूक निस्तरणं वाटली, कोणाला लेखकानं पात्राला पुढे करून माफी मागणं. मला दोन्ही वाटलं, आणि जरा अवघडल्यासारखंही झालं. आठ वर्षांच्या पोराला वेगवेगळ्या लेखकांचा जमाखर्च देत बसावं लागतंय, असं.

2023 मध्ये याच गेमला मोफत जोड आली आणि तिच्यात टेल्स, नकल्स, एमी तिघंही खेळायला मिळाले. बटण दाबलं की टेल्स उडतो, नट-बोल्ट आवळायचे पाने फेकून मारतो. त्यानंतर टेल्सवर भांडणारी जी माणसं मी बघतो ती त्याचं उडणं जड आहे की हलकं, त्याचे पाने जरा जास्तच ताकदवान आहेत का, आणि त्या जोडीतले उंच मनोरे चढणं इतकं अवघड करून ठेवायची काय गरज होती, यावर एकमेकांची डोकी खात असतात.